जखम, भक्षक पेशी आणि अर्बुद

नर्मदेकाठचे जबलपूर जसे भेडाघाटच्या संगमरवरी खडकांसाठी प्रसिद्ध आहे, तसेच विडीच्या धंद्याचे एक जुने केंद्र म्हणूनही ते ओळखले जाते. सभोवारच्या रानांतून उन्हाळ्यात गोळा केलेली तेंदूची पाने, ज्यांना मराठी मुलखात टेंभुर्णीची पाने म्हणतात, येथे येतात आणि सुपात तंबाखू घेऊन बसलेले हात घरोघरी त्यांच्या विड्या वळतात. 1956 सालापर्यंत जबलपूर व विदर्भ हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्याचे भाग होते. गोंदिया व भंडारा या भागांतही हाच धंदा वाढला. विडी, तंबाखू, सुपारी व चुना यांच्या सवयी या दोन्ही प्रदेशांत सारख्याच रुजल्या, आणि त्यांच्यामागून येणारा तोंडाचा कर्करोगही दोहोंकडे सारखाच परिचयाचा झाला. भारतात दरवर्षी 1 लाखाहून अधिक लोकांना हा रोग नव्याने जडतो.

अशा रुग्णाच्या तोंडातील गाठीचा लहानसा तुकडा काढून त्याचा पातळ काप रंगवला व सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. अर्बुद म्हणजे केवळ बेबंद वाढलेल्या कर्कपेशींचा गोळा, अशी सामान्य समजूत असते. प्रत्यक्षात त्या गाठीत रक्तवाहिन्या असतात, तंतूंचे जाळे असते, आणि कर्कपेशींच्या अधूनमधून शरीराच्याच रक्षक पेशी मोठ्या संख्येने पसरलेल्या असतात. अर्बुदातील या पांढऱ्या पेशींची नोंद जर्मन शास्त्रज्ञ रुडोल्फ फिरखो याने 1863 सालीच केली होती. रोग समोर आहे, रक्षक त्याला भिडून उभे आहेत, आणि तरीही गाठ वाढत आहे, असे हे दृश्य आहे. हे रक्षक तेथे काय करीत असतात, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि ते उत्तर अनपेक्षित निघाले.

उपजत प्रतिकारशक्ती

शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या दोन शाखा मानल्या जातात. एक अर्जित, म्हणजे अनुभवाने मिळणारी. देवी किंवा गोवर यांसारखा रोग एकदा होऊन गेला, अथवा त्याची लस टोचली, की त्या विशिष्ट रोगजंतूची ओळख शरीरात राहते व पुढील हल्ला परतवता येतो. हे काम लसीकापेशी नावाच्या पांढऱ्या पेशी करतात. त्यांतील टी पेशी या प्रकाराचा उल्लेख पुढे येईल. दुसरी शाखा उपजत. ती जन्मापासून सिद्ध असते, पूर्वानुभवाची वाट पाहत नाही, आणि इजा झाल्यापासून काही मिनिटांत किंवा तासांत कामास लागते.

या दुसऱ्या शाखेचा शोध रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह याने 1882 साली सिसिली बेटावरील मेसिना येथे लावला. तारामाशाच्या डिंभाचे शरीर काचेसारखे पारदर्शक असते. मेचनिकोव्हने त्यात एक बारीक काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो डिंभातील फिरत्या पेशी काट्याभोवती जमल्या होत्या व त्यास गिळू पाहत होत्या. या पेशींना भक्षक पेशी असे नाव मिळाले. पुढे 1908 साली पॉल एर्लिख यांच्यासमवेत मेचनिकोव्ह यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले.

माणसाच्या शरीरात उपजत प्रतिकाराच्या पेशी अनेक प्रकारच्या आहेत. न्यूट्रोफिल या रक्तातील सर्वांत जास्त संख्येने असलेल्या पांढऱ्या पेशी होत. त्या इजेच्या जागी सर्वांआधी पोहोचतात, जंतूंना गिळतात व लवकरच मरतात. जखमेतील पू बहुतांशी त्यांच्याच मृत पेशींचा बनलेला असतो. महाभक्षक पेशी आकाराने मोठ्या व दीर्घायुषी असतात. त्या जंतू, मृत पेशी व कचरा गिळून जागा स्वच्छ करतात. शाखायुक्त पेशी अनोळखी पदार्थांचे नमुने घेऊन लसीकाग्रंथींत जातात व ते टी पेशींना दाखवतात. उपजत व अर्जित या दोन शाखांमधला दुवा त्या जुळवतात. मास्ट पेशी रक्तवाहिन्यांजवळ बसलेल्या असून त्यांच्यातील द्रव्ये बाहेर पडताच सूज व लाली येते. अखेरची जात नैसर्गिक मारक पेशींची. त्या कशालाही गिळत नाहीत. बिघडलेल्या पेशीला चिकटून तिला मृत्यू येईल अशी प्रथिने तिच्यात सोडतात.

आरंभीचा पहारा

शरीरात पेशींचे विभाजन अखंड चालू असते व प्रत्येक विभाजनात जनुकांची नक्कल होते. त्यात चुका होतात, आणि तंबाखूच्या धुरातील किंवा चोथ्यातील रसायने या चुका वाढवतात. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. ज्या राहून जातात त्यांतील काहींमुळे पेशीला विभाजन थांबवण्याची आज्ञा पाळता येत नाही. अशा पेशी कर्करोगाच्या वाटेवर असतात.

त्यांतील पुष्कळशा आरंभीच नष्ट होतात. या कामी नैसर्गिक मारक पेशींचा वाटा मोठा आहे. त्यांचा शोध 1975 साली स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेत व त्याच सुमारास अमेरिकेतही लागला. त्या शत्रूला ओळखतात कशा, याचे स्पष्टीकरण स्वीडनच्या क्लास कार्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 च्या सुमारास दिले. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिने धारण करते. ती तिची ओळखचिन्हे होत. पेशीच्या आत काय घडत आहे याचे तुकडे या चिन्हांवर मांडले जातात आणि टी पेशी ते तपासतात. कर्कपेशी पुष्कळदा ही चिन्हे लपवते, म्हणजे टी पेशींना तिचा अंतर्गत बिघाड दिसत नाही. परंतु नैसर्गिक मारक पेशी नेमक्या उलट रीतीने तपास करते. ज्या पेशीवर ओळखचिन्ह आढळत नाही तिच्यावर ती हल्ला चढवते. एका पहाऱ्यातून सुटण्याचा उपाय दुसऱ्या पहाऱ्यात पकडले जाण्याचे कारण ठरतो.

महाभक्षक पेशीही या वेळी कर्कपेशींना मारतात, आणि शाखायुक्त पेशी त्यांचे अवशेष टी पेशींपुढे ठेवून मोठ्या प्रतिकाराला तोंड फोडतात. उपजत पेशींची ही बाजू सर्वांच्या अपेक्षेप्रमाणेच आहे. तथापि त्यांची दुसरी बाजूही आहे, आणि ती समजण्यासाठी साधी जखम कशी भरते हे आधी पाहावे लागते.

जखम भरण्याची क्रिया

कोयत्याने बोट कापले असता प्रथम रक्त गोठते. त्यानंतर न्यूट्रोफिल येतात व जंतूंचा नाश करतात. जागा लाल होते, सुजते, ठणकते. या अवस्थेस दाह म्हणतात. मग महाभक्षक पेशी येतात. आरंभी त्याही मारण्याचेच काम करतात, परंतु दोन-तीन दिवसांनी त्यांच्या वागणुकीत पालट होतो. त्या नव्या केशवाहिन्या फुटाव्यात म्हणून प्रथिने स्रवतात, आसपासच्या पेशींना वाढण्याचा संकेत देतात, तंतू विणवून घेतात, आणि टी पेशींना आवर घालतात. कारण दुरुस्ती चालू असता हल्ला चालू राहिला तर नवे ऊतक जळून जाईल. जखम भरताच हे सर्व संकेत थांबतात व पेशी निघून जातात.

मारणे व बांधणे ही दोन विरुद्ध कामे एकच जात कशी करते, याचे एक सुबोध उदाहरण उंदरांच्या महाभक्षक पेशींत सापडले आहे. आर्जिनिन हे प्रथिनांतील एक साधे अमिनो आम्ल आहे. दाहाच्या भरात महाभक्षक पेशी त्यापासून नायट्रिक ऑक्साइड हा विषारी वायू तयार करते व त्याने जंतू व कर्कपेशी मारते. दुरुस्तीच्या अवस्थेत तीच पेशी त्याच आर्जिनिनपासून ऑर्निथिन बनवते, आणि ऑर्निथिनपासून पेशींच्या वाढीस व तंतूंच्या बांधणीस लागणारी द्रव्ये तयार होतात. कच्चा माल एकच, पण भोवतालच्या संकेतांप्रमाणे त्याचे शस्त्र होते किंवा विटा होतात. माणसाच्या पेशींत ही विभागणी इतकी काटेकोर नसते व या दोन टोकांच्या मध्ये अनेक अवस्था आढळतात; तथापि मूळ तत्त्व तेच आहे. महाभक्षक पेशी काय करील हे तिच्या जातीवर ठरत नाही, तिला मिळणाऱ्या संकेतांवर ठरते.

न भरणारी जखम

1986 साली अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी असे मांडले की अर्बुद हे शरीराला न भरणाऱ्या जखमेसारखे भासते. कर्कपेशी जी द्रव्ये स्रवतात त्यांतील कित्येक जखमेतून निघणाऱ्या द्रव्यांसारखीच असतात. त्या संकेतांमागून रक्तातील तरुण भक्षक पेशी गाठीत ओढल्या जातात आणि तेथे दुरुस्तीचे काम सुरू करतात. त्या केशवाहिन्या फुटवतात, आणि त्यांतून अर्बुदाला प्राणवायू व अन्न मिळते. त्या भोवतालचे तंतू सैल करतात, आणि कर्कपेशींना बाहेर पडण्यास वाट होते. त्या टी पेशींना आवरतात, आणि अर्बुदाला अभय मिळते. या पेशींनी फितुरी केली असे म्हणणे योग्य ठरणार नाही; त्या आपले नेहमीचेच काम चोख करीत असतात. फरक इतकाच की खऱ्या जखमेत काम संपल्याचा संकेत येतो, येथे तो कधीच येत नाही.

या कल्पनेला प्रयोगाचा आधार 2001 साली मिळाला. न्यूयॉर्क येथील जेफ्री पोलार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाचा कर्करोग हमखास होणारे उंदीर घेतले. त्यांतील काहींमध्ये महाभक्षक पेशींच्या वाढीला आवश्यक असलेले प्रथिन जन्मतःच नव्हते. दोन्ही गटांत आरंभीच्या गाठी सारख्याच उद्भवल्या. परंतु ज्या उंदरांत महाभक्षक पेशी तुटपुंज्या होत्या त्यांत गाठी मारक रूप धारण करण्यास उशीर लागला व फुप्फुसांत पसरलेल्या गाठी फार कमी झाल्या. कर्करोगाचे बहुतेक मृत्यू मूळ गाठीमुळे न होता तिच्या अशा दूरच्या प्रसारामुळे होतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रयोगाचे महत्त्व कळते. जिवंत उंदरांच्या अर्बुदात सूक्ष्मदर्शकाने पाहिले असता असेही आढळले की कर्कपेशी व महाभक्षक पेशी एकमेकींना वाढीची द्रव्ये पुरवीत रक्तवाहिनीपर्यंत बरोबरीने सरकतात.

न्यूट्रोफिलांचेही असेच आहे. जंतूंना अडकवण्यासाठी ते स्वतःच्या गुणसूत्रांतील धागे बाहेर फेकून त्यांचे जाळे पसरतात. त्या जाळ्यात प्रथिने कापणारी विकरे असतात. 2018 साली अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेने उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की तंबाखूच्या धुराने फुप्फुसात दीर्घकाळ दाह झाला असता ही जाळी पसरतात, त्यांतील विकरे भोवतालचे एक प्रथिन कापतात, आणि त्या कापलेल्या प्रथिनामुळे तेथे निद्रिस्त पडून असलेल्या कर्कपेशी पुन्हा वाढू लागतात.

तंबाखू, सुपारी व तोंडाचा दाह

आता तोंडाच्या कर्करोगाकडे वळता येईल. भारतात या रोगाचा व तंबाखूच्या सवयीचा संबंध आकडेवारीने दाखवणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत डॉ. वसंत रामजी खानोलकर हे प्रमुख होत. 1941 साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उघडले तेव्हापासून तेथील प्रयोगशाळा त्यांच्याकडे होत्या, व 1952 साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. 1955 साली सांघवी, राव व खानोलकर यांनी धूम्रपान व तंबाखू चघळणे यांचा तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला.

तंबाखूतील रसायने पेशींची जनुके बिघडवतात, हा या संबंधाचा एक भाग झाला. दुसरा भाग उपजत पेशींचा आहे. गालात दिवसभर धरलेली चुन्यासह तंबाखूची गोळी तेथील नाजूक त्वचेला सतत इजा करते. इजा झाली की दाह होतो, भक्षक पेशी येतात, दुरुस्ती सुरू होते, आणि ती पुरी होण्यापूर्वीच पुढची गोळी ठेवली जाते. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे त्या जागी वाढीचे संकेत चालू राहतात. अशा वातावरणात जनुके बिघडलेली एखादी पेशी निर्माण झाली तर तिला वाढीसाठी लागणारे सर्व काही आधीच मांडून ठेवलेले असते.

सुपारीचा परिणाम याहून निराळा व डोळ्यांना दिसणारा आहे. सुपारी चघळणाऱ्या काही व्यक्तींच्या गालांची आतली बाजू हळूहळू पांढुरकी व ताठ होत जाते, तिखट सोसवेनासे होते आणि अखेर तोंड पुरते उघडत नाही. 1953 साली मुंबईच्या डॉ. जोशी यांनी भारतातील या विकाराचे वर्णन केले. सुपारीतील अरेकोलिन नावाच्या द्रव्याने गालाच्या पेशी चेतवल्या जातात व दाहाच्या पेशी तेथे जमतात. या सर्वांकडून टीजीएफ-बीटा नावाचे प्रथिन स्रवते. जखमेत तंतू विणवून घेणारे व टी पेशींना आवरणारे हेच ते प्रथिन. त्यामुळे तंतू गरजेपेक्षा कितीतरी अधिक विणले जातात. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा 66 रुग्णांवर 17 वर्षे लक्ष ठेवले असता त्यांपैकी 7.6 टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविरहित सुपारीचाही कर्करोगकारक पदार्थांत समावेश केला. गुटख्यात तर तंबाखू व सुपारी दोन्ही एकत्र येतात. त्याच्या विक्रीवर मध्य प्रदेशाने बंदी घातली. 2012 सालच्या एप्रिलमध्ये ही बंदी आली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही ती लागू केली.

श्वानांचे अर्बुद

उपजत पेशी एकदा अर्बुदाच्या सेवेस लागल्या की त्या परत फिरतच नाहीत काय? या प्रश्नावर प्रकाश टाकणारे एक उदाहरण पशुवैद्यकात सापडते. जबलपूर येथे 1948 सालापासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. 2009 साली ते नव्या पशुवैद्यक विद्यापीठाचा भाग झाले. हिंगोली जिल्ह्यातील कडोळी गावी जन्मलेले समाजसेवक नानाजी देशमुख यांचे नाव त्या विद्यापीठास देण्यात आले आहे. जेथे मोकाट कुत्री पुष्कळ आहेत अशा भारतातील गावाशहरांत पशुवैद्यांपुढे वारंवार येणारा एक विकार म्हणजे श्वानांच्या जननेंद्रियांवर होणारे सांसर्गिक अर्बुद.

बहुतेक सर्व कर्करोग त्या त्या प्राण्याबरोबर संपतात. हे अर्बुद मात्र समागमाच्या वेळी एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जिवंत कर्कपेशींच्या रूपानेच जाते. 1876 साली सेंट पीटर्सबर्ग येथे नोविन्स्की याने एका कुत्र्यातील ही गाठ दुसऱ्यात रुजवून दाखवली होती. कुत्र्याच्या पेशीत 78 गुणसूत्रे असतात; या अर्बुदाच्या पेशींत ती 57 ते 64 च असतात, व जगभर सर्व देशांतील गाठींत जनुकांची तीच मूळ खूण आढळते. 2019 साली 546 गाठींची जनुके तपासून शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष काढला की ही सर्व अर्बुदे 4,000 ते 8,500 वर्षांपूर्वी आशियात होऊन गेलेल्या एकाच श्वानाच्या पेशींची संतती आहेत.

परक्या शरीरातील पेशी नव्या कुत्र्यात तग कशी धरतात? वाढीच्या अवस्थेत त्या आपली ओळखचिन्हे जवळजवळ पूर्णपणे लपवतात, म्हणून टी पेशींना त्या दिसत नाहीत. नैसर्गिक मारक पेशींनी तर अशाच पेशींवर तुटून पडावयास हवे. परंतु अर्बुद टीजीएफ-बीटा हेच प्रथिन स्रवून त्यांना निष्प्रभ करते. तरीही हा विजय कायमचा नसतो. प्रयोगात रुजवलेल्या गाठी काही महिने वाढल्यावर पुष्कळशा सशक्त कुत्र्यांत आपोआप विरू लागतात. अशा वेळी गाठीत शिरलेल्या पांढऱ्या पेशी दुसरे एक प्रथिन स्रवून टीजीएफ-बीटाचा परिणाम पुसून टाकतात, ओळखचिन्हे पुन्हा दिसू लागतात व अर्बुद उघडे पडते.

ज्या कुत्र्यांत असे आपोआप घडत नाही त्यांना विन्क्रिस्टीन हे औषध आठवड्यातून एकदा टोचतात. अंगणात फुलणाऱ्या सदाफुलीपासून हे औषध मिळते, व 1963 साली अमेरिकेत माणसांसाठी त्यास मान्यता मिळाली. ते पेशींचे विभाजन थांबवते. पण काही मात्रांतच गाठ समूळ नाहीशी का व्हावी, याचा उलगडा त्यातून पुरता होत नव्हता. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचारापूर्वी व उपचारादरम्यान गाठीचे तुकडे काढून त्यांतील जनुकांचे कार्य पाहण्यात आले. ज्या गाठी विरल्या त्यांत प्रथम भोवतालच्या त्वचेच्या पेशी व उपजत दाहाची जनुके जागी झालेली दिसली. त्यानंतर टी पेशी व नैसर्गिक मारक पेशी गाठीत शिरल्या, आणि अखेरीस गाठ आटून तेथील ऊतक पूर्ववत होऊ लागले. औषधाने आघात केला, उपजत पेशींनी हाक दिली, आणि काम पुरे केले ते शरीराने. माणसाच्या कर्करोगावर हे सर्व जसेच्या तसे लागू करता येत नाही, कारण त्याचे अर्बुद स्वतःच्याच पेशींचे असते. तथापि उपजत पेशींचा कल पालटता येतो, एवढे या श्वानांनी निश्चित दाखवून दिले आहे.

उपचारांतील यश व अपयश

हा कल पालटण्याचे प्रयत्न माणसांतही जुने आहेत. 1891 साली न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी अर्बुद झालेल्या रुग्णास मुद्दाम जंतू टोचून दाह निर्माण केला. काही रुग्णांच्या गाठी विरल्या. परंतु परिणामांचा भरवसा नव्हता व धोका मोठा होता. याच विचाराचा सुरक्षित अवतार आज सर्वत्र वापरात आहे. क्षयाविरुद्ध बालकांना टोचली जाणारी बी.सी.जी. लस मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर मूत्राशयात सोडतात. 1976 साली कॅनडातील डॉ. मोरालेस यांनी या उपचाराचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. लशीतील दुर्बल जंतूंमुळे न्यूट्रोफिल, महाभक्षक पेशी व नैसर्गिक मारक पेशी जाग्या होतात व त्यांच्या मागोमाग टी पेशी येतात.

उलट मार्गानेही प्रयत्न झाला. 2017 साली हृदयरोगाच्या 10,000 हून अधिक रुग्णांवरील एका चाचणीत दाहाचा एक प्रमुख संकेत अडवणारे औषध देण्यात आले, तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटलेले आढळले. मात्र त्याबरोबर जीवघेण्या जंतुसंसर्गांचे प्रमाण किंचित वाढले, आणि फुप्फुसाचा कर्करोग आधीच झालेल्या रुग्णांत पुढे हेच औषध वापरले असता अपेक्षित लाभ झाला नाही. महाभक्षक पेशींनी कर्कपेशींना गिळू नये म्हणून कर्कपेशी जे प्रथिन पुढे करतात ते झाकणाऱ्या एका औषधाकडूनही मोठ्या आशा होत्या. रक्ताच्या कर्करोगावरील त्याच्या प्रमुख चाचण्या 2023 व 2024 साली थांबवाव्या लागल्या.

नवी मुंबईतील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत डॉ. शुभदा चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅमा-डेल्टा टी पेशींचा दीर्घ अभ्यास केला. या पेशी उपजत व अर्जित या दोन शाखांच्या सीमेवर असतात. तोंडाच्या कर्करोगातील पेशींना त्या मारू शकतात असे प्रयोगशाळेत दिसले आहे. परंतु 2016 साली याच गटाने दाखवले की पित्ताशयाच्या कर्करोगात या पेशींचा एक प्रकार नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास साहाय्य करतो, व तो प्रकार अधिक असलेले रुग्ण कमी काळ जगतात. एकाच नावाच्या पेशींकडून दोन ठिकाणी दोन परिणाम झाले. म्हणूनच केवळ प्रतिकारशक्ती वाढवण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींना शास्त्रीय अर्थ नाही. कोणत्या पेशीचे कोणते काम वाढवावयाचे, कोठे व किती काळ, हे ठरवल्यावाचून उपचार होऊ शकत नाही.

सामान्य माणसाच्या हाती काय आहे

पेशींचा कल औषधाने पालटण्याची विद्या अद्याप अपुरी आहे. पण त्या पेशींना चुकीच्या कामास लावणारी इजा थांबवणे आजही प्रत्येकास शक्य आहे. तंबाखू व सुपारी सोडल्यावर तोंडातील दाह ओसरू लागतो आणि कर्करोगाचा धोका वर्षांगणिक कमी होत जातो. ताठ झालेला गाल सहसा पूर्ववत होत नाही. परंतु विकार पुढे वाढण्याचे मुख्य कारण नाहीसे होते. सवय लवकर सुटली तर लाभ अधिक, आणि ती लागलीच नाही तर सर्वांत अधिक.

निरोगी माणसाच्या तोंडातील साधी जखम एक-दोन आठवड्यांत भरते, कारण भक्षक पेशी आपले काम करून निघून जातात. जी जखम, चट्टा किंवा गाठ दोन-तीन आठवड्यांत बरी होत नाही, तेथे हे काम थांबलेले नाही असे समजून वैद्यास दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. आरंभीचा कर्करोग पुष्कळदा दुखत नाही. भारत सरकारच्या योजनेनुसार 30 ते 65 वर्षे वयाच्या व्यक्तींच्या तोंडाची तपासणी आरोग्य केंद्रांत दर पाच वर्षांनी करण्याची तरतूद आहे. या तपासणीस चांगला उजेड, काही मिनिटांचा वेळ व जाणती नजर एवढेच लागते. त्या अवस्थेत गाठ सापडली तर ती समूळ काढता येते, आणि अर्बुदाच्या सेवेस लागलेल्या पेशींना परत फिरवण्याचा बिकट प्रश्न बहुधा उभाच राहत नाही.